पाठीवरचा चट्टा



ज्या डॉक्टरांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, ते तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणारे गृहस्थ होते. त्यामुळे संयोजकांनी माझ्या विषयात 'रोग' हा शब्द घालावा हे साहजिकच. 'अतिरेकी विचार हा रोग आहे काय?' असा प्रश्न निमंत्रणपत्रिकेवर छापला आहे. माझं उत्तर 'नाही' असं आहे. तरीसुद्धा पुढचा तासभर मी बहुतेक रोगांबद्दलच बोलणार आहे. साथी कशा आटोक्यात आल्या आणि कशा चिघळल्या हे शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्या इतिहासात अतिरेकाच्या प्रश्नाला लागू पडणारी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या चर्चेत फारशी येत नाही.

पण ही तुलना करायची तर आधी तिचं कुळ पाहून घ्यायला हवं, आणि ते काही चांगलं नाही. 1940 मध्ये नाझींनी वॉर्सॉतल्या ज्यू वस्तीभोवती भिंत घातली, तेव्हा जाहीर कारण दिलं होतं टायफसच्या साथीचं. रोग पसरवणारे लोक म्हणून आधी फलक लागले आणि मग भिंत आली. भिंतीआड लाखो माणसं कोंबल्यावर टायफस खरोखरच फोफावला आणि त्याचाच पुरावा म्हणून उपयोग झाला. सोव्हिएत रशियात सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना 'मंदगती स्किझोफ्रेनिया' नावाचं दुखणं चिकटवून मनोरुग्णालयात टाकत. मॉस्कोतल्या नामांकित मानसोपचारतज्ज्ञांनी ते निदान पाठ्यपुस्तकात बसवलं होतं. अगदी अलीकडचं पाहायचं तर 2017 नंतर चीननं शिंजियांगमध्ये उइघुर मुसलमानांसाठी छावण्या उभारल्या. तिथल्या प्रचाराची भाषा अशी, की या लोकांच्या विचारांना बाधा झाली आहे, तेव्हा इस्पितळात ठेवून त्यांना बरं केलं पाहिजे. दाढी वाढवली किंवा परदेशातल्या नातेवाइकाला फोन केला, एवढ्यावर 'दाखल' झालेली माणसं त्यात होती.

या तिन्ही ठिकाणी माणूस आणि जंतू यांतला फरक पुसला गेला. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ही चूक करत नाही. आपले अग्रलेख मात्र अमुक समाजाला 'कीड' आणि तमुक गटाला 'कॅन्सर' सहज म्हणून जातात. मी जी तुलना करणार आहे ती जंतूची नव्हे. साथ आली असताना घरातली माणसं, शेजारी आणि सरकार एकमेकांशी कसे वागतात, तेवढीच मला घ्यायची आहे.

त्यासाठी 1897 च्या पुण्यात जाऊ. मुंबईच्या मांडवी भागात आदल्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचं निदान केलं होतं. काही महिन्यांत साथ पुण्यात आली. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोगांचा कायदा झाला. तो मोजक्या कलमांचा होता आणि सरकारला वाटेल ते करायची मुभा देणारा होता. कोविडच्या वेळी आपण तोच कायदा पुन्हा बाहेर काढला. पुण्यात वॉल्टर रँड हा सनदी अधिकारी प्लेग समितीचा प्रमुख म्हणून आला, आणि 13 मार्चपासून गोरे सोजीर घराघरांत शिरू लागले. घरातल्या सगळ्यांना बाहेर काढायचं, बायकांना उघड्यावर उभं करून काखेत-जांघेत गाठ आहे का ते बघायचं, रोगी सापडला की तो इस्पितळात आणि घरचे विलगीकरणाच्या छावणीत, सामानाची होळी, देवघराची नासधूस. रँड व्यक्तिशः क्रूर होता की निव्वळ कर्तव्यकठोर, यावर इतिहासकार वाद घालोत. साथशास्त्राच्या दृष्टीनं पाहिलं तर त्याच्या मोहिमेचा एक परिणाम ठरलेला होता. लोक रोगी लपवू लागले. माळ्यावर, मागच्या खोलीत, रात्रीच्या अंधारात दुसऱ्या गावी. मयत झालं तरी गवगवा न करता उरकायचं. छावणीच्या भीतीनं लोक पळाले आणि जाताना साथही सोबत घेऊन गेले.

आणखी एक गोष्ट. प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळे, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं 1898 मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं, आणि ते जगाला पटायला पुढे आणखी काही वर्षं गेली. म्हणजे बायकांच्या काखा तपासणारे सोजीर चुकीच्या प्राण्याच्या मागे होते. 'हे लोक आमचं काही बरं करत नाहीत, नुसता छळ करतात' हे पुणेकरांचं म्हणणं शास्त्राच्या कसोटीवरसुद्धा बरंचसं खरं होतं.

त्याच मार्च महिन्यात हडपसरजवळ, सासाण्यांच्या माळावर, डॉ. यशवंत फुले प्लेगचा दवाखाना चालवत होते आणि त्यांच्या आई सावित्रीबाई रोग्यांना शोधून तिथे आणत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. रँडची मोहीम सुरू झाली त्याच्या तीनच दिवस आधी. औषध त्यांच्याकडेही नव्हतं, तेव्हा ते कुणाकडेच नव्हतं. पण सावित्रीबाईंपासून रोगी लपवावा असं वस्तीतल्या कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं.

22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत आहे. चापेकर बंधूंचं मूल्यमापन हा आजचा विषय नाही आणि या शहरात तो पाच मिनिटांत उरकण्याइतका मी धीटही नाही. मी बघतो आहे ते त्याआधीच्या तीन महिन्यांकडे. साथ थांबवायला निघालेल्या सरकारनं साथही थांबवली नाही आणि वर गोळीबारापर्यंत जाणारा राग पिकवला. मुंबईत जनरल गॅटेकरच्या समितीनं वेगवेगळ्या जातीजमातींच्या पुढाऱ्यांना विश्वासात घेऊन त्यांना स्वतःची इस्पितळं काढू दिली, तेव्हा तिथे काम पुष्कळच सुसह्य झालं. तरीही मार्च 1898 मध्ये तिथेही दंगल पेटलीच. विश्वास एकदा मिळवला की खिशात राहतो असं नाही.

आता दुसरा रोग. कुष्ठरोग, ज्याला आपल्याकडे महारोग म्हणत. 1898 सालीच ब्रिटिश सरकारनं त्यासाठीही कायदा केला. निराधार कुष्ठरोगी दिसला तर त्याला पकडून आश्रमात डांबता येई. हा कायदा देशाच्या कायदेपुस्तकातून 2016 मध्ये निघाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण 2019 मध्ये रद्द झालं. शंभराहून अधिक वर्षं रोग्याला सरकारचा निरोप एकच होता: दिसलास तर उचलू. साहजिकच रोगी बोटं झडेपर्यंत दिसत नसे.

विदर्भात या प्रश्नाला वेगळ्या बाजूनं हात घातला गेला. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी 1936 मध्ये काम सुरू केलं होतं. 1951 मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभं राहिलं आणि डॉ. वारदेकरांनी तिथे एक पद्धत बसवली: सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. कार्यकर्ता गावात जाणार, घरोघर फिरणार, लोकांना समजावणार, आणि गोळ्या देणार त्या घरीच राहून घ्यायच्या. गाव सोडायचं नाही, शेत सोडायचं नाही, बायकोपोरांपासून तुटायचं नाही. औषध होतं साधं डॅप्सोन. ही पद्धत पुढे देशाच्या कार्यक्रमानं उचलली. ऐंशीच्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि 2005 अखेर देशातलं प्रमाण दहा हजारांत एकाखाली आलं. श्रेय औषधाचंच आहे, यात शंका नाही. पण घरी बसून खाता येणारी नसती तर ती गोळी मागायला कुणी आलंच नसतं.

या रोगाचं एक वैशिष्ट्य मला विद्यार्थ्यांना शिकवताना फार महत्त्वाचं वाटे. पहिलं लक्षण म्हणजे कातडीवर एक फिकट, बधीर चट्टा. तो दुखत नाही, खाजत नाही. पुष्कळदा तो पाठीवर असतो. म्हणजे ज्याला झालाय त्याला पत्ता नसतो. दिसतो तो पाठ चोळणाऱ्या आईला, बायकोला, नदीवर सोबत पोहणाऱ्या मित्राला. रोग लवकर सापडणार की नाही हे डॉक्टरवर कमी आणि त्या आईवर जास्त अवलंबून असतं. तिनं चट्टा बघितल्यावर पदर ओढून झाकला, की ती पोराला घेऊन केंद्रावर आली?

अतिरेकी वाटेला लागलेल्या माणसाचंही असंच असतं. किंबहुना थोडं अधिकच. बधीर चट्ट्यात निदान काही वाटत नाही, इथे तर बरं वाटतं. इतके दिवस कुणी विचारत नव्हतं, आता आपल्याला उद्देश आहे, भाऊबंद आहेत, जगातल्या सगळ्या दुःखाचं एक कारण सापडलंय. तो स्वतःहून उपचाराला येण्याची आशा नको. पण आजूबाजूच्यांना दिसतं. पॉल गिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या 119 एकट्या हल्लेखोरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'एकटा लांडगा' म्हणून वृत्तवाहिन्या ज्यांचं वर्णन करतात ते हे लोक. त्यांतल्या साठ टक्क्यांहून अधिक जणांचा बेत घरच्या किंवा मित्रांपैकी कुणाला तरी आधीच ठाऊक होता, कारण त्यांनी तो स्वतःच बोलून दाखवला होता.

तेव्हा माहिती असते, ती घरात असते. ती बाहेर का येत नाही, हा खरा प्रश्न.

डेन्मार्कमधल्या आरहूस शहराला हा प्रश्न 2012-13 मध्ये पडला. आपली मुलं नाहीशी झाली आहेत, बहुधा सीरियात गेली आहेत, अशा तक्रारी घेऊन आईबाप पोलिसांकडे येऊ लागले. 2013 अखेरपर्यंत तीसेक तरुण गेले होते. शाळा, समाजकल्याण खातं आणि पोलीस यांनी मिळून गुन्हेगारीच्या वाटेवरच्या पोरांकडे बघायची त्या देशाची पद्धत सत्तरच्या दशकापासून होतीच. तीच त्यांनी इथे लावली. परत येणाऱ्यानं गुन्हा केल्याचा पुरावा असेल तर खटला. नसेल तर शिक्षण, नोकरी, दुखापत असेल तर वैद्यकीय मदत, आणि सोबत एक मार्गदर्शक, जो आठवड्यातून भेटून त्याच्याशी वाद घालेल, ऐकेल. आईबापांसाठी त्यांचे स्वतःचे गट. ज्या मशिदीशी गेलेल्यांतल्या बऱ्याच जणांचा संबंध होता, ती बंद करा अशी ओरड झाली. पोलिसांनी बोलणी चालू ठेवली. 2014 मध्ये तिथून गेल्याचं कळलं ते एकाच तरुणाचं. हे सगळं या कार्यक्रमामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी इसिसचं रूप जगासमोर आलं होतं, सीमेवरचे रस्तेही बंद होत होते, आणि जायचं होतं ते बहुधा आधीच गेले होते. डेन्मार्कनं पुढे कायदेही कडक केले. एवढं मात्र मानायला हरकत नाही, की त्या शहरातल्या बापाला फोन करण्याआधी दहादा विचार करावा लागत नव्हता.

ब्रिटनची वाट वेगळी. 2015 च्या कायद्यानं तिथे शाळा, विद्यापीठं, इस्पितळं यांच्यावर कट्टरतेची चिन्हं दिसल्यास लक्ष देण्याचं बंधन आलं. शिक्षक आणि डॉक्टर अधिकृत टेहळे झाले. मुसलमान समाजाचा आक्षेप होता की वर्गात पोरगं काय बोलतं त्यावर आता शिक्षकाचा कान आहे. पण मला इथे दुसरीच अडचण दिसते, शुद्ध अंकगणिताची. चाळणी चाचण्या शिकवणाऱ्या प्रत्येक मास्तरनं फळ्यावर हे गणित मांडलेलं असतं. समजा, दहा लाख लोकांत खरोखर धोकादायक शंभर आहेत, आणि तुमच्याकडे 99 टक्के अचूक अशी जादूची चाचणी आहे. ती शंभरातले 99 पकडेल. आणि उरलेल्या 9,99,900 निर्दोष माणसांतल्या 9,999 जणांनाही पकडेल. म्हणजे पकडलेल्या दर शंभरात खरा एक. प्रत्यक्षात आपल्याकडे असलेली चिन्हांची यादी, म्हणजे एकलकोंडेपणा, धर्मात अचानक रस, मित्र बदलणं, ही 99 टक्के अचूकतेच्या आसपासही नाही. ती सोळा वर्षांच्या कुठल्याही पोराला लागू पडते. माझ्या नातवाला तर पूर्णच. आणि एवढं जाळं टाकूनही साउथपोर्टमध्ये जुलै 2024 मध्ये तीन लहान मुलींचा खून करणारा तरुण त्यातून निसटलाच. त्याचं नाव या टेहळणीच्या यंत्रणेकडे तीनदा गेलं होतं. त्याच्यात ठोस विचारसरणी दिसली नाही म्हणून फाइल बंद झाली.

सरसकट चाळणी लावणं आणि काळजीत पडलेल्या माणसानं स्वतः दार ठोठावणं यांत फरक आहे. चाळणी सगळ्यांना संशयित करते. दार ठोठावणाऱ्या आईनं तिच्या बाजूनं निम्मं निदान आधीच केलेलं असतं. ती सोळा वर्षं त्या पोराला बघते आहे. नेहमीचा हट्ट आणि ही नवी थंड नजर यांतला फरक तिला कळतो, यादीला कळत नाही.

दार ठोठावल्यावर आत कोण असावं? एड्सच्या साथीनं याचं उत्तर सांगलीत दिलं. तिथे संग्राम संस्थेनं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून वेश्यावस्तीतल्या बायकांच्याच हाती निरोध वाटायचं काम सोपवलं. सरकारी माणसानं सांगून जे ऐकलं गेलं नसतं ते शेजारणीचं ऐकलं गेलं. तसंच जर्मनीत 2000 मध्ये नवनाझींना त्या वाटेवरून बाहेर काढणारी 'एक्झिट' ही संस्था काढली ती एका माजी पोलीस अधिकाऱ्यानं आणि इंगो हासेलबाख या माजी नवनाझी म्होरक्यानं मिळून. त्यांनी केलेला एक चावटपणा सांगितल्यावाचून राहवत नाही. 2011 मध्ये गेरा गावी नवनाझींचा संगीत महोत्सव होता. तिथे कवटी छापलेले 250 टी-शर्ट फुकट वाटले गेले, आणि लोकांनी आनंदानं नेले. घरी जाऊन पहिल्यांदा धुतल्यावर कवटी गेली आणि खालून मजकूर वर आला: टी-शर्टला जमलं ते तुलाही जमेल, बाहेर पडायला आम्ही मदत करतो. सोबत फोन नंबर. मला त्यातली चतुराई आवडतेच, पण जास्त आवडतं ते हे, की तो मजकूर त्या माणसाला एकांतात, त्याच्या घरात, मोरीपाशी वाचायला मिळाला. चारचौघांत उपदेश झाला असता तर त्यानं मूठच वळली असती.

आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे अतिरेकी म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे एकाच धर्माचा चेहरा येतो, म्हणून तीन वेगवेगळी उदाहरणं घेतो. मे 2014 मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंबरोबर म्हणून इराकला गेले आणि इसिसला मिळाले. शिकलेली पोरं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला; 2024 मध्ये न्यायालयानं गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली. तीही आपल्याच मराठी गावांतली, सणावाराला घरी जाणारी पोरं. आणि तिसरं गडचिरोली, जिथे वर्षानुवर्षं तेच तालुके मलेरियाच्या यादीतही वर असत आणि नक्षलींच्याही.

या तिघांपैकी परतीचं दार राज्यानं रीतसर बांधलं ते फक्त गडचिरोलीत. 2005 पासून आत्मसमर्पणाची योजना आहे: रोख रक्कम, घर, रोजगार. तिच्यात त्रुटी पुष्कळ आहेत, आकड्यांबद्दल शंकाही घेतल्या जातात. त्यातला एक तपशील मला डॉक्टर म्हणून विसरता येत नाही. नक्षलींच्या दलममध्ये, म्हणजे सशस्त्र तुकडीत, लग्न करायचं तर पुरुषाची आधी नसबंदी होत असे, मूल नको म्हणून. शरण आलेल्यांपैकी काहींवर पोलिसांनी ती उलटवण्याची शस्त्रक्रिया करवून आणली आणि त्यांना पुढे मुलं झाली. कुणातरी अधिकाऱ्याच्या हे लक्षात आलं, की बंदूक खाली ठेवणाऱ्याला बंदुकीच्या बदल्यात नुसती रक्कम पुरत नाही.

पण शरणागती ही शेवटची पायरी. तोवर माणसानं बरंच काही केलेलं असतं. कल्याणच्या त्या पोरांच्या किंवा दाभोलकरांवर गोळ्या झाडणाऱ्यांच्या आईला आधीच संशय आला असता, तर ती कुणाकडे जाणार होती? पोलीस ठाणं, एवढंच. आणि ठाण्यात गेल्यावर पोरगा परत मिळतो की कायमचा जातो, हे तिला कोण सांगणार? यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली जामीन मिळणं किती कठीण आहे हे आता खेड्यातल्या माणसालाही ठाऊक झालंय. अशा स्थितीत ती पदर ओढून चट्टा झाकते, यात नवल काय? 1897 च्या पुण्यात माळ्यावर रोगी लपवणाऱ्या बाईपेक्षा ती काही वेगळं करत नाही.

इथे ही तुलना संपते, आणि ती कुठे संपते हे सांगणं माझं काम आहे. जंतूला गाऱ्हाणं नसतं. माणसाला असतं, आणि कधीकधी ते खरं असतं. जमीन गेलेली असते, भाऊ विनाकारण तुरुंगात असतो, वनखात्याच्या शिपायानं बापाला सर्वांसमोर मारलेलं असतं. त्याला 'बाधा' म्हणून बाजूला सारलं की आपण शिंजियांगच्या अधिकाऱ्याच्या रांगेत जाऊन बसतो. दुसरं, रोग्याला लागण झाल्याबद्दल कुणी शिक्षा करत नाही. खून करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, त्याचं बालपण कसंही गेलेलं असो. दाभोलकरांच्या घरच्यांनी निकालासाठी दहा वर्षं न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या, त्यांच्यासमोर उपचाराची भाषा बोलायची माझी छाती नाही. मी बोलतो आहे ते खुनाच्या आधीच्या त्या वर्ष-दोन वर्षांबद्दल, जेव्हा अजून गुन्हा घडलेला नसतो आणि कायद्याला करण्यासारखं फारसं काही नसतं.

मग करायचं काय? एचआयव्हीसाठी 2017 मध्ये आपण कायदा केला. त्यात रोग्याची ओळख गुप्त राखण्याचं बंधन आहे, आणि कोणत्या परिस्थितीत ती कुणाला सांगता येईल तेही लिहून ठेवलं आहे. तसंच काहीतरी इथे लागेल. जिल्ह्याच्या ठिकाणी समुपदेशनाची एक जागा, जिथे आईबाप, मास्तर, मौलवी, महाराज, मित्र, कुणीही जाऊन बोलू शकेल. बोललेलं तिथेच राहील. आणि कोणत्या क्षणी ते पोलिसांना सांगावंच लागेल, हेही पहिल्या भेटीत त्यांना स्पष्ट सांगितलं जाईल. आज ठरावीक गंभीर गुन्ह्यांची माहिती असून ती न कळवणारा समुपदेशक स्वतःच अडचणीत येऊ शकतो. तेव्हा हे कायद्यात बसवावं लागेल, नुसत्या परिपत्रकानं भागणार नाही.

एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यापुढे मी ही कल्पना मांडली तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, 'आणि त्यातला एक निसटला तर? दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तुमचं नाव येईल, की तुम्हाला ठाऊक होतं.' प्रश्न रास्त आहे. एखादा निसटेलच. साउथपोर्टचा निसटला तो बंधनकारक टेहळणी असूनही. मी त्यांना उलट विचारलं, की गेल्या वीस वर्षांत अशा किती आया तुमच्या ठाण्याची पायरी चढल्या? त्यांनी बराच विचार केला आणि एक प्रकरण सांगितलं. ती बाईसुद्धा एकटी आली नव्हती, ओळखीच्या एका शाळामास्तरांना मध्ये घालून आली होती. पोराला त्यांनी घरी बसवून दोन-तीनदा समज दिली आणि नोंद केली नाही. नियमात हे बसत नव्हतं, असंही ते म्हणाले.

त्या जागेवर कुणाला बसवायचं, पगार कुणी द्यायचा, पोलिसांचा एक माणूस आत असावा की दाराबाहेर, यावर आरहूसवाले आणि जर्मनीवाले यांचं एकमत नाही. माझं मत दाराबाहेर असं आहे, पण इथे वकील बसले आहेत आणि मघापासून एक-दोन जण हात वर करताहेत. त्यांच्यासाठी वेळ राखून मी इथे थांबतो.